झाकणावर नाव नसलेला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी पहिल्यापासून भित्रा. पत्र्याचा असून भित्रा, असं हसू नका. इतवारीतल्या एका कारागिरानं घासलेटचा जुना डबा कापून मला घडवलं, तेव्हा पहिला हातोडा बसताच मी जो किंचाळलो, तो आवाज शेजारच्या दुकानापर्यंत गेला. तुम्ही त्याला पत्र्याचा ठणठणाट म्हणाल. म्हणा बापडे. मला माझं माहीत.

मला घ्यायला आले ते मधुकरराव. नागपूरच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे. त्यांनी माझं झाकण चारदा लावलं, चारदा काढलं, मला पाण्यात बुडवून पाहिलं आणि कारागिराला म्हणाले, "थेंबभर पाणी आत गेलं तर परत आणून देईन बरं का!" मी गुदमरून गेलो होतो, पण थेंब काही आत शिरू दिला नाही.

मधुकररावांचं एक मंडळ होतं. वर्ष असेल बाहत्तर-त्र्याहत्तरचं. रविवार आला की ही मंडळी सायकली काढून गावाबाहेर जात. त्यांचा खेळ असा, की एकानं डबा कुठेतरी दडवायचा आणि चिठ्ठीवर खुणा लिहून द्यायच्या. अमुक विहिरीपासून ईशान्येला चाला, मग वाकडा पळस दिसेल, त्याच्या मागे बघा. बाकीच्यांनी हातात होकायंत्र घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, आतली एखादी गंमतीची वस्तू घ्यायची, आपली एखादी ठेवायची आणि डबा होता तसा, होता तिथं ठेवून द्यायचा.

खेळ साधा, पण मधुकररावांचे नियम कडक. बिळात, कपारीत हात घालण्याआधी काठी घाला. डब्यासाठी जमीन उकरू नका, फांदी मोडू नका. घरी सांगून निघा, एकट्यानं जाऊ नका. चांगली वस्तू घेऊन तिच्या जागी सिगारेटचं रिकामं पाकीट ठेवणाऱ्याचं तर ते नावच घ्यायचे नाहीत. खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही म्हणजे नाही. आणि ज्याची जमीन, त्याला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. माझ्या झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगानं स्वतः लिहिलं होतं, 'हा खेळाचा डबा आहे. घाबरू नका. पाहून जागच्या जागी ठेवा.' खाली त्यांचं नाव आणि पत्ता.

रामटेककडच्या एका टेकडीवर मी बरीच वर्षं राहिलो. सुखात राहिलो असं म्हणवत नाही, कारण पान वाजलं तरी माझ्या पोटातल्या वस्तू थरथरायच्या. साप जवळून गेला की मी गार पडायचो. पण कुणीतरी दगड बाजूला करायचं, "सापडला रे सापडला!" म्हणून ओरडायचं, आणि मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! मंडळातली चारुलता, टेलिफोनच्या कचेरीत काम करणारी, तिनं स्वतः शिवलेली एक चिंधीची बाहुली माझ्यात ठेवली होती. काळ्या दोऱ्याचे लांब केस, लाल फितीचा कमरपट्टा. कुणी काचेच्या बांगड्या ठेवल्या, कुणी कवड्या. एकानं आपला बिल्ला ठेवला आणि हरवू नये म्हणून बाहुलीच्या पोटालाच टोचून दिला. प्रत्येकानं प्रेमानंच ठेवलं हो. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

मग कुणा शहाण्यानं माझ्यात शेंगदाण्याची चिक्की ठेवली.

दुसऱ्याच दिवशी वानरं आली. एका हुप्प्यानं मला उचललं, हलवलं, वास घेतला, दगडावर आपटलं आणि उघडेना म्हणून दिलं भिरकावून! टेकडीवरून मी गडगडत खाली आलो. आतल्या बांगड्यांचा चुरा झाला. झाकणावरची अक्षरं दगडांनी खरवडून काढली. मधुकररावांच्या नावातला एक काना तेवढा उरला.

त्या सुमाराला मधुकररावांचे गुडघे धरले होते, म्हणून माझी जबाबदारी मंडळातल्या गिरिधरकडे आली. पोरगा वाईट नाही, पण भारी घाईचा. "रंग नंतर लावू," म्हणाला. माझा कडेचा पत्रा वाकला होता, झाकण नीट बसत नव्हतं, तेही नंतर. कुहीकडच्या एका गावाबाहेर धानाच्या दोन शेतांमध्ये धुरा होता, म्हणजे शेताची हद्द, आणि धुऱ्यावर मोहाचं झाड. त्यानं इकडेतिकडे चोरासारखं पाहिलं, मला मुळाशी सारलं, वर चपटा दगड ठेवला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. शेत कुणाचं, हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

पावसाचं पाणी आत शिरलं. कागदावरची सगळी नावं विरघळली आणि कागदाचा निळा गोळा झाला. एकदा एका गाईच्या पायानं माझ्यावरचा दगड सरकला आणि मी उघडा पडलो. तेव्हा मला प्रयागबाई पहिल्यांदा दिसली. गावाच्या टोकाला एकटी राहायची, धुऱ्यावर शेण वेचायला यायची. तिनं मला पाहिलं, पण उघडलं नाही. पदरानं माझ्यावरचा चिखल पुसला आणि स्वतःशीच म्हणाली, "कोणाचं असन बापा. ठेवणाऱ्याचा जीव अडकला असन याच्यात." तिनं दगड पुन्हा नीट ठेवला. पुढे जाता-येता वाकून बघायची, दगड जागेवर आहे ना म्हणून. तिची चाहूल लागली की माझी भीती जरा कमी व्हायची.

आता पुढचं ऐका.

ते शेत चंपतरावांचं. त्यांचा नातू तापानं फणफणला होता आणि ताप उतरत नव्हता. अशा दिवसांत ते फुटका धुरा बांधायला आले आणि त्यांच्या फावड्याला मी लागलो. त्यांनी झाकण उघडलं. लांब काळ्या केसांची बाहुली. पोटात टोचलेली पिन. कमरेला लाल फीत. फुटलेल्या बांगड्या, कवड्या. चंपतरावांच्या हातातून मी खाली पडलो.

"अरे बाप रे! करणी! माह्या धुऱ्यावर करणी केली कोणीतरी!"

पलीकडे गुरं चारणारा बळीराम धावत आला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि चार पावलं मागे सरकला. "काका, म्या पाहिलं ना! ते प्रयागबाई इथंच वाकून राहते. एकदा नाही, किती खेपा पाहिलं!"

नाही हो, नाही! मी ओरडलो. वाऱ्यानं झाकण खडखडलं, एवढंच त्यांना ऐकू आलं. आणि तेवढ्यानं ते दोघं आणखी घाबरले.

मला काठीनं ढकलत ढकलत पोत्यात घातलं आणि गावच्या पारावर नेऊन आपटलं. सकाळची वेळ होती, बघता बघता गाव जमलं. चंपतरावांची सून गोपिका पोराला छातीशी धरून रडत होती. कुही काही लांब नव्हतं, तिथं डॉक्टर होता. पण आता डॉक्टरचं नाव कुणी काढेना. करणी उतरवल्याशिवाय औषध लागणार नाही, हेच सगळ्यांच्या तोंडी. दोघातिघांनी प्रयागबाईला दंडाला धरून फरफटत आणलं. तिची एक चप्पल वाटेत राहिली होती.

"काहून केलं वं असं?" एकानं दरडावलं. "काय बिघडवलं होतं त्या लेकरानं तुहं?"

"मी नाही गा ठेवलं! मी तं नुसता दगड ठेवला त्याच्यावर."

"पाहा, कबूल करून राहिली! दगड ठेवला म्हणते!"

कुणीतरी म्हणालं, हिचे केस कापा. कुणी म्हणालं, गावाबाहेर काढा. एकानं हातात काठी घेतली. प्रयागबाईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती मातीत बसली. मित्रांनो, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. मी सगळं जाणत होतो, आणि मला तोंड नव्हतं. तशी भीती मी वानराच्या हातातही भोगली नाही.

तेवढ्यात सायकलींच्या घंट्या वाजल्या. त्या रविवारी मंडळ मला शोधायला निघालं होतं. धुऱ्यावर मी सापडलो नाही, म्हणून चौकशी करायला मंडळी गावात आली होती. गर्दीत मला पाहताच गिरिधर जागच्या जागी थबकला. चारुलता मात्र सायकल तशीच आडवी टाकून पुढे आली.

"थांबा! थांबा हो! हा डबा आमचा आहे!"

"शहरातले लोक करणी करतात काय?" कुणीतरी ओरडलं.

"करणी नाही, दादा. खेळ आहे आमचा. ही बाहुली माझ्या हातची आहे." तिनं माझ्यातून बाहुली उचलली. लोक भराभर मागे सरले. तिनं बिल्ला काढून आपल्या साडीला लावला, दातांनी शिवण उसवली आणि आतल्या चिंध्या काढून पारावर पसरल्या. "हे माझ्या जुन्या पोलक्याचं कापड. हा उशीतला कापूस. काही वाईट असेल तर आधी मला होऊ द्या. पण या बाईंना सोडा."

काठीवाल्यानं काठी खाली केली. चंपतरावांनी वाकून त्या चिंध्या बोटांनी चाळून पाहिल्या. मग म्हणाले, "तुमचा डबा होय, तं याच्यावर नाव काहून नाही? माह्या शेतात ठेवला, मले काहून नाही सांगितलं?"

चारुलतानं मागे पाहिलं. गिरिधर मान खाली घालून पुटपुटला, "राहून गेलं."

"राहून गेलं!" चंपतराव म्हणाले. "ते बुढी मेली असती ना गा!"

चारुलतानंच पोराच्या कपाळाला हात लावला आणि बैलबंडी जुंपायला लावली. पोराला कुहीला डॉक्टरकडे नेलं. विषमज्वर निघाला. पोरगं वाचलं, पण डॉक्टरनं उशिरा आणल्याबद्दल सगळ्यांना झापलं.

चारुलतानं प्रयागबाईला उठवलं, तिची चप्पल शोधून आणली, हात जोडले. प्रयागबाई म्हणाली, "तुमचा डबा तुम्हाले भेटला, बाई. पण माह्या दाराशी आता कोण येईन? गाव म्हणन, काही तरी असनच."

आणि तसंच झालं. चंपतरावांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, तरी बायका तिच्या सावलीतून पोरांना ओढून न्यायच्या. मग मंडळानं एक नेम केला. त्या बाजूला गेलं की आधी प्रयागबाईच्या ओट्यावर बसायचं, तिच्या माठातलं पाणी प्यायचं, सगळ्या गावाला दिसेल असं. कितीतरी दिवसांनी गोपिका पोराला घेऊन तिच्या दाराशी आली. तीही पाणी प्यायली. मग हळूहळू एकेक जण येऊ लागला.

माझं झाकण गिरिधरनं ठोकून सरळ केलं. त्यावर आता मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव आहे, पत्ता आहे, आणि मी चंपतरावांच्या संमतीनं त्याच मोहाखाली राहतो. पण मंडळी मला प्रयागबाईच्या ओट्यावर टेकवतात, तेव्हा ती अजूनही पाय आखडून दूर सरकते. ज्या पदरानं तिनं मला पुसलं होतं, तोच पदर आता ती माझ्यापासून आवरून घेते. मी तिला काही करणार नाही, एवढं एकच वाक्य मला तिला सांगायचं आहे. पण डब्याला बोलता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. म्हणून हात जोडतो, डबा ठेवण्याआधी जमिनीच्या मालकाला सांगा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगा, शेण वेचणाऱ्या बाईलाही सांगा. नंतर सांगू म्हणून राहू देऊ नका.