मजुरोला दहापैकी दहा

वसितीने तक्ता कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला, म्हणजे तो तिच्याशिवाय कुणाच्या नजरेला पडणार नव्हता. आडव्या ओळींत तीन देश: नौरू, सॉलोमन, मार्शल. उभ्या रकान्यांत पाच कसोट्या, प्रत्येकीला दहा गुण. थेट विमान, राहण्याची सोय, पाऊस, बघण्यासारखं काय, आणि शेवटची कसोटी ओळखीची माणसं. या रकान्याखाली तिने बारीक अक्षरांत टीप लिहिली होती: ‘जितकी कमी, तितके गुण जास्त.’

फिजी तक्त्यात नव्हता. फिजी म्हणजे घर, आणि घरी ती गेली चार वर्षं प्रत्येक सुट्टीत जातच होती. तारावा बेटावरच्या शाळेत ती वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत असे. सुट्टी लागली, की ती विमानात बसे आणि तिच्याबरोबर निम्मं तारावा बसे. जाताना कुणाच्या भाचीसाठी खारवलेले मासे, कुणाच्या जावयासाठी चटया. येताना कुणासाठी कावा नावाच्या पेयाची मुळं, कुणासाठी शिवणयंत्राचा वरचा भाग. एकदा तर चर्चच्या बँडचा तुतारीसारखा मोठा बाजा तिने तीन तास मांडीवर धरून आणला होता. खिडकीतून समुद्र दिसत होता म्हणे; तिला फक्त पितळ दिसलं.

डिसेंबरात तिची नोकरीची मुदत संपणार होती. ऑगस्टची दोन आठवड्यांची सुट्टी ही शेवटची. त्या सुट्टीत तिला मजुरोला, म्हणजे मार्शल बेटांच्या राजधानीला जायचं होतं. तिथल्या संग्रहालयात जुन्या दर्यावर्दींचे नकाशे होते. माडाचे हीर एकमेकांना बांधून लाटांच्या दिशा दाखवायच्या आणि बेटांच्या जागी कवड्या लावायच्या, असे. लाटा शिकवताना ती दर वर्षी असा एक नकाशा फळ्यावर काढी, पण तो एका पुस्तकातल्या पुसट चित्रावरून. खरा तिने पाहिला नव्हता. तो पाहायचा, आणि तोही पाठीवर एक पिशवी व दोन्ही हात मोकळे ठेवून, एवढीच तिची इच्छा होती. ‘बघण्यासारखं काय’ या रकान्यात तिने मजुरोला दहापैकी दहा दिले. बेरजेचा रकाना मात्र मुद्दाम कोरा ठेवला.

आता अडचण बुबुतीची. ताराव्यात मागण्याला बुबुती म्हणतात, आणि बुबुतीला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याची सभाघरात मान खाली जाते. वसितीला हे नवीन नव्हतं. फिजीत तेच दुसऱ्या नावाने चालतं. ती इथे आली त्याच्या पहिल्याच महिन्यात शेजारची म्हातारी नेई (म्हणजे बाई) रोतिया दारात उभी राहिली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. “पोरी, तुझी सायकल मला हवी,” म्हणाली. वसितीने सायकल दिली. तेव्हापासून दर रविवारी रोतियाकडून भाजलेला नीरफणस येत होता, तो चार वर्षं अखंड. वसिती मात्र कुणाकडे काही मागत नसे. देणं तिला जमे. मागायची वेळ आली, की जीभ टाळूला चिकटे.

“काय गं, कपाटात तोंड घालून काय पूजा चाललीय?”

तितिलिया होती. त्याच घरात राहणारी, फिजीचीच, पाचवीच्या वर्गाची शिक्षिका. दोघींची गावं एकमेकांची तौवू, म्हणजे मूळपुरुष एकच; आणि तौवूंचा हक्क असा, की एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांचं वाटेल ते उचलावं आणि समोरच्याने रागवायचं नाही. या हक्काने तितिलियाने वसितीचे दोन झगे, एक छत्री आणि चांगली कात्री कधीच आपलीशी केली होती.

“तुला काय करायचंय, वटवाघूळखाऊ?” वसितीने दार लोटलं. उशीर झाला होता. तितिलियाचं डोकं आत शिरलं होतं.

“अगं बाई! देशांना गुण? प्रगतिपुस्तक पण देणार का त्यांना? ‘नौरू हुशार आहे, पण वर्गात बडबड करतो’?”

“फिरायला चाललेय.”

“कुठे?”

वसितीच्या मनात एक प्रयोग आला. “नौरूला,” ती म्हणाली. “पण कुणाला बोलू नकोस.”

“मी? माझ्या तोंडून कधी काही बाहेर पडलंय?” तितिलिया म्हणाली, आणि जाताना वसितीच्या चपला घालून गेली.

तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन पस्तीसला नेई रोतिया केवड्याच्या पानांची गुंडाळलेली चटई घेऊन दारात आली.

“पोरी, नौरूला माझा पुतण्या आहे. ही चटई त्याला पोचव.”

पंचवीस मिनिटं. वसितीने मनातल्या मनात नोंद केली. “पोचवेन हं, नेई रोतिया,” ती गोड आवाजात म्हणाली. “फक्त एक करा. आत्ता नको, घरात जागा नाही. गुरुवारी संध्याकाळी आणून द्या.”

“गुरुवारी,” रोतियाने मान डोलावली. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, पण म्हाताऱ्या माणसांचे ओठ हलतच असतात.

नौरूचं विमान शुक्रवारी होतं. मजुरोचं बुधवारी. वसितीने बुधवारचं तिकीट काढलं.

मग आठवडाभर तिच्या दाराची कडी वाजत राहिली. मुख्याध्यापक बारानिको सरांना नौरूच्या मेहुण्याकडे एक बादली माडाचा गूळ पाठवायचा होता. “गुरुवारी संध्याकाळी, सर.” ग्रंथालयातल्या बाईंना खारवलेले मासे. “गुरुवारी.” पाववाल्याला एक कोंबडा, जिवंत. वसितीने एका शब्दानेही कुणाला नाही म्हटलं नाही. प्रत्येक वेळी होच म्हटलं, आणि प्रत्येक हो अगदी खरा होता: गुरुवारी संध्याकाळी आणा, मी असले तर नेईन. ‘असले तर’ हे शब्द ती मनात म्हणे, इतकंच. आपण एवढ्या लबाड कधी झालो, याचं तिला नवल वाटे आणि जरा मजाही.

तितिलियाला फक्त एकदा शंका आलीशी वाटली. भात खाताना ती म्हणाली, “काय गं, नौरूत बघायचं तरी काय? मोटारीने निघालं तर अर्ध्या तासात देश संपतो.”

“शांतता.”

“शांतता!” तितिलियाने वसितीच्या ताटलीतला मासा उचलला. “खारट झालाय,” असं म्हणत संपवलाही.

बुधवारी सकाळी तितिलिया बाजाराला म्हणून लवकर बाहेर पडली. वसितीने पाठीवर पिशवी घेतली, खिडक्या लावल्या आणि रस्त्यावर येऊन छोटी बस थांबवली. बस जवळजवळ रिकामी होती. या वेळेला ती कधीच रिकामी नसे. वसितीने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मोकळे हात. एका बाजूला आतला समुद्र, दुसऱ्या बाजूला बाहेरचा, मध्ये एवढीशी जमीन आणि तिच्यावरून निसटून चाललेली ती. तिला शीळ घालावीशी वाटली.

बस विमानतळापाशी वळली आणि रिकाम्या बसचं कारण कळलं. माणसं सगळी इथे होती.

माडांच्या सावलीत चटया अंथरून निम्मी शाळा बसली होती. बारानिको सर बादलीवर हात ठेवून. ग्रंथालयातल्या बाई शीतपेटीवर बसून. पाववाला कोंबड्यासह. सगळ्यांच्या पुढे नेई रोतिया, आणि तिच्या मागे वसितीचीच छत्री उघडून तितिलिया.

“ये पोरी,” रोतिया म्हणाली. “आम्ही म्हटलं, गुरुवारपर्यंत कशाला थांबा.”

वसितीच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं. “मी... नौरूला...”

“हो ना. नौरूला. मग आज हे विमान कुठे चाललंय? का नौरू उठून उत्तरेला, मजुरोपाशी गेला?”

लोक असे हसले, की कोंबडा फडफडला. बारानिको सर डोळे पुसत म्हणाले, “वसिती बाई, नौरूला माझा मेहुणा नाहीच. मजुरोला आहे. पण तुमच्यासाठी आठवडाभर त्याला नौरूत ठेवला.”

“आणि माझा पुतण्या,” रोतिया म्हणाली, “जन्मात कधी नौरूला गेला नाही.”

वसितीने तितिलियाकडे पाहिलं. “तुला कळलं कसं? बेरीज तर मी लिहिलीच नव्हती!”

“बेरीज कुणाला हवीय?” तितिलिया म्हणाली. “मजुरोला तू दहापैकी दहा दिले होतेस. चार वर्षांत एका तरी पोराला दिलेस का दहापैकी दहा? तो बिचारा टेकिनाइती, अख्खा पेपर बरोबर सोडवला त्याने, तर अक्षरासाठी अर्धा गुण कापलास! म्हटलं, आपली बाई जिथे दहा देते, तिथे जाणारच.”

यावर तर सर खोकेपर्यंत हसले. मग हळूहळू हसू ओसरलं आणि सामान पुढे सरकू लागलं. चटई. बादली. शीतपेटी. कोंबड्याचे बांधलेले पाय. वसितीला मांडीवरचं ते पितळ आठवलं. संग्रहालयाच्या दारात आपण कोंबडा धरून उभ्या आहोत असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. रोतियाने श्वास घेतला, तोंड उघडलं. एकदा तिच्या तोंडून शब्द बाहेर पडला की संपलं.

आणि वसितीची टाळूला चिकटलेली जीभ सुटली.

“नेई रोतिया!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की दारातला पोलीसही वळला. “आधी माझी बुबुती. चार वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज या सगळ्यांसमोर मागते. मला मोकळ्या हातांनी जाऊ द्या. काही न देता, काही न बांधता. एवढंच मागते.”

शांतता पसरली. नौरूत मिळाली नसती अशी. मागणं पहिलं तिचं होतं, चारचौघांत होतं, आणि रोतियाने त्या सायकलीवरून चार वर्षं सगळं तारावा पालथं घातलं होतं.

रोतिया गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वतःच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून तिने वसितीच्या डोक्यावर ठेवला.

“चार वर्षं लागली हिला मागायला,” ती बाकीच्यांना म्हणाली. “मला वाटलं होतं, न मागताच जाते की काय डिसेंबरात. दिलं, पोरी. जा मोकळ्या हातांनी.”

पाववाल्याने निमूटपणे कोंबडा काखेत घेतला. वसिती दाराकडे चालू लागली. काट्यावर पिशवी साडेपाच किलो भरली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“पोरी,” मागून रोतियाचा आवाज आला. “जाताना मोकळी जा, हे तू मागितलंस आणि मी दिलं. येतानाचं तू काही मागितलं नाहीस.”

वसिती वळली. प्रयोगाची मांडणी करताना एक बाजू उघडी राहिली की काय होतं, हे ती मुलांना दर वर्षी शिकवत असे.

“आता माझी बुबुती,” रोतिया म्हणाली आणि पदरात लपवावी तशी झग्याच्या खिशात लपवलेली चिठ्ठी तिने बाहेर काढली. तिच्यामागे सरांनी काढली. ग्रंथालयातल्या बाईंनी. पाववाल्याने. एकेकाने येऊन आपापली चिठ्ठी वसितीच्या हातात दिली. सगळ्यांच्या चिठ्ठ्या आधीच लिहून तयार होत्या. तितिलियाने सर्वांत शेवटी दिली, आणि जाता जाता वसितीच्या गळ्यातला रुमालही काढून घेतला. “तिथे थंडी नसते,” म्हणाली.

विमान उठलं. या वेळी वसितीने खिडकीतून समुद्र पाहिला, अगदी डोळे भरून पाहिला. माडांची रेघ बारीक होत गेली आणि मग पाण्यावर फक्त लाटांच्या दिशा उरल्या, एकीतून दुसरी जाणारी. तेवढं बघून झाल्यावर तिने चिठ्ठ्या उघडल्या. चौदा होत्या. आठ नंबरचे मासेमारीचे गळ, पन्नास. मोठ्या पायाच्या चपला, मापासाठी चिठ्ठीवरच पाऊल काढलेलं. बारानिको सरांना काळा कलप हवा होता. खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, ‘गुप्त ठेवावे.’ तितिलियाने एक कात्री मागितली होती: ‘माझी बोथट झाली.’ आणि रोतियाला सायकलीचं मागचं चाक.

वसिती हसली. मग तिने चिठ्ठीच्या मागे पेनने रेघा ओढल्या. वस्तू, दुकान, वजन. अंदाजे वजनांची बेरीज केली. सव्वीस किलो. परतीच्या विमानात न्यायला परवानगी होती वीस किलोंची.

तिने बाजूला पाहिलं. शेजारी एक ऑस्ट्रेलियन इंजिनियर बसला होता. ताराव्यातल्या पाण्याच्या टाक्यांचं काम बघायला आलेला, उन्हाने नाक लाल झालेला. त्याच्या पायाशी एक अगदी लहानशी पिशवी होती. ती अर्धीही भरली नव्हती.

वसितीने डोक्यावरचा मुकुट नीट केला.

“दादा,” ती जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही परत ताराव्याला कधी येणार?”

“पुढच्या पुढच्या बुधवारी,” तो खुशीने म्हणाला. “का हो?”