क्रोशाच्या झाकणाखालचा संगणक

घर्रर्र… दुपारच्या शांत घरात संगणकाचा पंखा कण्हला आणि पडद्यावरचा अलीचा चेहरा, तोंड उघडं असतानाच, थिजला.

"अब्बा पुन्हा अडकले," चार वर्षांची तूबा म्हणाली आणि महरीनच्या मांडीवरून उतरून खेळायला निघून गेली.

महरीनला तेच लागलं. पूर्वी पोर रडायची. आता रडतही नाही! अली नोकरीसाठी मस्कतला; शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीत तेवढा निवांत बोलायचा. मोबाइलवर तो एवढासा दिसे, म्हणून ती लेकीला मोठ्या पडद्यापुढे बसवी.

आवाज परतला तेव्हा अली म्हणत होता, "...म्हातारा झाला तो. भंगारात दे, नवा घे. बाकी बरं ना?"

"बरं आहे सगळं." दर जुम्म्याला ती हेच म्हणे.

संगणक तिने पडवीत आणून ठेवला. कुंपणापलीकडे लीलाकाकू उभ्या होत्या. शाळेत संगणक शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या.

"काय गो, कुठे निघाली स्वारी?"

"भंगारवाल्याकडे, काकू. म्हातारा झालाय, चालत नाही."

"मग मलाही दे त्याच्याबरोबर! थांब, आधी बघू दे."

काकूंनी संगणकाच्या पेटीवरचं क्रोशाचं झाकण उचललं. खाली प्लॅस्टिक.

"हे चालू असतानाही असतं?"

"समुद्राची खारी हवा ना, सगळं गंजतं. माझ्या हातचं विणलेलं आहे."

"विणलंयस सुरेख! पण खाऱ्या हवेबरोबर साधी हवाही अडवलीस की गो!"

पेटी उघडली. पंख्यावर धुळीची गोधडी, कोपऱ्यात पालीची अंडी.

"आत तापलं की जळू नये म्हणून तो स्वतःच मंद होतो," मऊ ब्रश फिरवत काकू म्हणाल्या. "वय होतं, नाही असं नाही. नवे प्रोग्रॅम त्याला जड जातात. पण निम्मं म्हातारपण आपणच लादतो!"

मग आत नेऊन त्यांनी तो सुरू केला. लग्नाचे व्हिडिओ तीनतीनदा साठवलेले, डिस्क गच्च. सुरू होताच नको ते प्रोग्रॅम जागे होत. काकूंनी ते बंद केले. महरीनने व्हिडिओ आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, मगच जादा प्रती पुसल्या.

"तुम्हाला उगाच त्रास, काकू."

"त्रास कसला! मला कामासाठी कुणी हाक मारून किती दिवस झाले, ते विचार."

महरीनच्या मनात आलं, मध्ये एवढंसं कुंपण, आणि आपण कधी डोकावलोही नाही!

संध्याकाळी तिने अलीला पुन्हा कॉल लावला. चेहरा थिजला नाही. तूबा धावत येऊन मांडीत चढली.

"नवा घेतलास?"

"नाही, तोच. साफ केला."

"वा! बाकी बरं ना?"

महरीनच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही. मला करमत नाही."

अली कितीतरी वेळ बोलेना. पुन्हा अडकला, असं तिला वाटलं. पण त्याची पापणी हलली.

"मलाही," तो म्हणाला.

वाचकहो, आपण झाकून ठेवतो आणि त्यालाच जपणं म्हणतो! यंत्र असो की माणूस, अधूनमधून उघडून बघावं, विचारपूस करावी. 'म्हातारा झाला' असं म्हणण्याआधी तर नक्कीच.

कॉल संपला. काळ्या पडद्यावर तळहात ठेवून तूबाने विचारलं,

"अम्मी, खरे अब्बा घरी आले, की हे अब्बा कुठे जाणार?"