अकरावा आकडा

ताइपिंगच्या कबरस्तानाला लागूनच बान सेंग अंकलचं शिळा कोरायचं दुकान होतं. गेक सिमनं त्याला वडिलांचं नाव, तारखा आणि खाली एक आकडा लिहून दिला होता: २१४७४८३६४७.

वडिलांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तरुणपणी एका सुट्टीत ते हा आकडा वहीत भागत बसले होते. सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पुढं जायचं कारण नव्हतं. तिथवर कशानंही भाग गेला नाही, म्हणजे कशानंच जाणार नव्हता. शिळेवर तेवढा आकडा हवा, एवढंच त्यांनी जाताना मागितलं.

शिळा तयार झाल्यावर गेक सिम बघायला गेली.

"अंकल, शेवटी हा आठ कुठून आला?"

"माझ्याकडून. फुकट." अंकलनं पंजा उघडला आणि एकेक बोट मोजलं. "जन्म, म्हातारपण, आजार, मरण, दुःख. की पुन्हा जन्म. शिळेवरची ओळ जन्मावर नाहीतर म्हातारपणावर संपवायची. तुझे दहा आकडे दुःखावर संपत होते. अकरावा घातला, जन्म आला! शिवाय आठ शुभ."

"त्याला आता दोननं भाग जातो."

"जाऊ दे की! वर कोण भागायला बसलंय?"

"बाबा."

अंकल त्यांच्याच वर्गात दोनदा नापास झाला होता. त्याला ते पटलं.

"बरं, आठाऐवजी एक घालतो."

गेक सिमनं पिशवीच्या कागदावर हिशेब केला. "अकरानं जातो."

"अकरानं? तुमच्या घराण्याला काही चालतच नाही का गं, पोरी?"

"मग थोडक्यात लिहा. दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. तोच आकडा आहे." तिनं लिहून दाखवलं.

दोन, तीन, एक, वजाची रेघ, एक. अंकलची करंगळी मिटली. "पुन्हा दुःख."

गेक सिमला हसू फुटलं. ते आवरायला तिला बराच वेळ लागला. अंकलनं तोवर उगाच छिन्नी पुसली.

"मूळ आकड्याच्या आधी शून्य कोरा," ती शेवटी म्हणाली.

"शून्यानं काय होतं?"

"काहीच होत नाही. म्हणूनच."

अंकलनं बोटं मोजली, पुन्हा मोजली. शिळा उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर सगळं नव्यानं कोरलं. आठवाला आकडा मागं, टेकडीकडे तोंड करून राहिला.

चिंगमिंगच्या सणाला कबरी झाडायला सगळे आले, तेव्हा शेजारच्या कबरीवरचा माणूस मोबाइल हातात घेऊन तिच्याकडे आला.

"शिळा छान आहे हो. कोरणाऱ्याचा नंबर खाली दिसला, पण लागत नाही."

"नाही लागणार," गेक सिम म्हणाली आणि तिनं दुकान कुठं ते सांगितलं.

माणसं पांगल्यावर तिनं मोबाइल काढला. शून्यापासून अकरा आकडे दाबले, पलीकडच्या बाईचं ठरलेलं वाक्य तिन्ही भाषांत ऐकून घेतलं. मग ती कबरीवर वाहिलेली संत्री सोलायला बसली.