उन्हाळी चाकातला मी

मित्रांनो, चाकाच्या पोटात बसून हवा मोजणारा एक जुना सेन्सर, तो मी. हवा कमी झाली की मी गाडीला कळवतो आणि गाडी पिवळा दिवा लावते. आम्ही चौघे, चार चाकांत एकेक.

आमची मालकीण आउलिक्की फिनलंडच्या उत्तरेत घरोघरी जाणारी परिचारिका आहे. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पाहुणाच. बर्फ पडला की तिचा धाकटा भाऊ टाउनो आमची चाकं काढून शेडमध्ये रचून ठेवायचा आणि बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांची हिवाळी चाकं चढवायचा. ती चाकं त्याने स्वस्तात आणली होती. त्यांत सेन्सर नव्हते. तरी कौतुक त्यांचंच! "काय पकड आहे हो यांची!" म्हणत आउलिक्की त्यांना थोपटायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मोसमभर हवा सांभाळली, पण मला कधी कुणी थोपटलं?

एकच समाधान होतं. आम्ही नसलो की गाडी आम्हाला शोधायची आणि हिवाळाभर दिवा पेटता ठेवायची. टाउनोने त्यावर काळी पट्टी चिकटवली. माझ्या नावाने लागलेला तो दिवा, तोही झाकला!

एका कडाक्याच्या थंडीत शेडच्या दाराशी आउलिक्कीचा आवाज चढलेला ऐकला.

"जंगलात चाक पार बसलं, टाउनो! हवा हळूहळू जात होती. मला कळणार कसं?"

"अगं ताई, आलीस ना धडधाकट घरी?"

"मी आले रे! पण हिल्या आजींना तपासायला वेळेत पोचले नाही. साखर उतरून बेशुद्ध पडल्या होत्या. शेजारीण डोकावली म्हणून वाचल्या."

टाउनो गाडीत शिरला. मग त्याने ती पट्टी खरवडून काढली.

लवकरच हिवाळी चाकांनाही सेन्सर बसले. नवे कोरे! आता गाडीला आमची आठवणही येईना. त्या थंडीत मी जेवढा जळलो, तेवढा कधीच जळलो नव्हतो.

बर्फ वितळल्यावर आम्ही परत चढलो, तरी दिवा पेटलाच. मी हाका मारत होतो, पण गाडी शेडमधल्या त्या नव्यांचीच वाट बघत होती.

"म्हातारे झालेत हे," टाउनो म्हणाला. "फेकून देऊ या."

"फेकतोस काय? गाडीला अजून हिवाळी सेन्सरांचीच सवय आहे. यांची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. आण ते ओळख पटवायचं यंत्र इकडे."

तिने हवा भरायच्या नळीपाशी ते छोटं यंत्र धरलं. मी जीव तोडून माझा क्रमांक सांगितला. गाडीने हॉर्न दिला, आणि चौघांची ओळख पटल्यावर दिवा विझला. "बघ, बोलतायत की!" असं म्हणत तिने माझ्या चाकावर थाप मारली. शेडमधल्यांनी ती ऐकली असेल, अशी मला आशा आहे.

आता माझी बॅटरी संपत आली आहे. ती बदलता येत नाही. अख्खा मीच बदलावा लागतो. फळीवर माझ्या जागी येणारा नवा सेन्सर खोक्यात बसला आहे. त्याच्याकडे बघवत नाही मला. तो माझ्या जागी बसणार, माझा रस्ता, माझा उन्हाळा घेणार.

तरी मित्रांनो, एक विनंती. त्याला बसवाल तेव्हा नळीखालचा रबरी वायसर नवा घाला. माझा जुना झिजला आहे, त्यातून हवा गळेल. आणि त्या गाडीतून आउलिक्की जाणार आहे.