तिसरा खाडा

मी वैजयंती. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून भाजी निवडायच्या ऐवजी पोरांचा नाट्यवर्ग काढला. त्याला आता अकरा वर्षं झाली. पोरं मला बाई म्हणतात. माझा आवाज मोठा आहे, राग नाकावर असतो, आणि हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको.

नाव घालताना पोराला आणि त्याच्या आईबापाला समोर बसवून मी एकच गोष्ट सांगते. स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्यावर तीन खाडे झाले की भूमिका गेली. कारण विचारणार नाही. लग्न असू दे, क्लासची परीक्षा असू दे, कुणाचं बारसं असू दे. एकदा कारणं ऐकायला बसलं की नियम संपला, कारण सोलापुरात कारणांना काय तोटा आहे का?

आणि आमची आणखी एक पद्धत आहे. न आलेल्या पोराची वाक्यं दुसऱ्या कुणी वाचायची नाहीत. त्याच्या जागेवर एक लाकडी स्टूल ठेवायचं. बाकीच्यांनी त्या स्टुलाकडे बघून आपापली वाक्यं म्हणायची, आणि स्टुलाच्या वाक्याला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. पोरांना हे अजिबात आवडत नाही. पण आपण नसलो की बाकीच्यांचं काय होतं, ते त्यांना त्यातनं कळतं. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून त्या पोराला असं काही फैलावर घेतात, की मला तोंड उघडायची गरजच पडत नाही.

मागच्या वर्षी ते स्टूल ओळीनं तीन दिवस आरजूच्या जागेवर होतं.

आरजू तेव्हा आठवीत होती. तिचे वडील राजेसाब शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतात, आई डबे करून देते. पोरगी मोठी गुणी. तिच्याकडे एका म्हाताऱ्या बाईची भूमिका होती. सगळं गाव सोडून जातं आणि शेवटच्या प्रवेशात म्हातारी एकटीच रंगमंचावर उरते, असं ते नाटक होतं. स्पर्धेला दीड महिना असताना तिची दादी, कमरबी, न्हाणीत घसरून पडली. खुबा मोडला. आई डबे सोडू शकत नव्हती, बाप व्हॅन सोडू शकत नव्हता, म्हणून दवाखान्यात दादीजवळ आरजू बसली. चौथ्या दिवशी आली आणि सगळं खरं खरं सांगितलं. मी म्हणाले, "वाईट झालं गं. पण तीन झाले." म्हातारी दुसऱ्या मुलीला दिली आणि आरजूला पडद्याच्या दोरीवर उभं केलं. ती रडली नाही, भांडली नाही. त्यानंतर आजपर्यंत तिचा एकही खाडा नाही.

मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू? भेटेल त्याला सांगत होते, नियम म्हणजे नियम.

यंदाचं आमचं नाटक एका एसटीत घडतं. अक्कलकोटच्या रस्त्यावर गाडी बंद पडते आणि आतले प्रवासी भांडायला लागतात. त्यांना सांभाळणारा कंडक्टर ही मुख्य भूमिका. ती शिवराजची. शिवराज नुसता उभा राहिला तरी लोक बघत राहतात. अकरा वर्षांत असं पोरगं माझ्या हाताला लागलं नव्हतं. यंदा पहिला नंबर आपलाच, हे मी मनात धरून बसले होते. त्याचा एक खाडा क्लासच्या परीक्षेला झाला, दुसरा क्रिकेटच्या निवडीला. आणि स्पर्धेला बारा दिवस असताना, रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"बाई, आमी सगळे केम गावाला चाललोय. मामाच्या शेतात हुरडा हाय. पप्पा न्हाय म्हणू देत न्हाईत."

"आज तालीम आहे, शिवराज."

"माहीत हाय की. बाई, तिसरा होतोय ना माझा?"

पोरानं सरळ विचारलं होतं. मीही सरळ हो म्हणायचं. पण माझ्या डोळ्यांपुढं पहिला नंबर. मी म्हणाले, "बघू. तू उद्या वेळेवर ये."

संध्याकाळी पाच वाजता पोरं जमली. सातवीतल्या ईरप्पानं नेहमीसारखं स्टूल उचलून कंडक्टरच्या जागेवर आणून ठेवलं. मी म्हणाले, "ते उचल रे. शिवराजला ताप आलाय. त्याची वाक्यं आज मी म्हणते."

ईरप्पानं स्टूल उचललं आणि भिंतीला लावलं. मी कंडक्टर झाले, तिकीट तिकीट ओरडले, पोरं हसली, तालीम झाली. आजाऱ्याचा खाडा आमच्याकडे कधी माफ झाला होता? कधीच नाही. मागच्या वर्षी तर मी मोडलेला खुबासुद्धा माफ केला नव्हता. पण त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, आणि आपण निभावून नेलं असं मला वाटलं.

सोमवारी शिवराज पावणेपाचलाच हजर. हातात हा मोठा डबा. "आईनं सगळ्यांसाठी दिलाय," म्हणाला आणि झाकण उघडलं. भाजलेला हुरडा, वर शेंगाचटणी, बाजूला गुळाचे खडे. पोरांची झुंबड उडाली. त्यानं आधी मला वाटीभर दिला. मी खाल्ला. गोड होता हो हुरडा, काय सांगू!

ईरप्पा तोंडात बोकाणा भरून म्हणाला, "तुला ताप आलता ना रे?"

"कुणाला? मला?" शिवराज हसायला लागला. "आमी केमला गेलतो की! मामाच्या शेतात. हे काय मग, तापात भाजलं व्हय?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्याला ताप आला होता ते! त्याला मी सांगितलंच नव्हतं. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. हातातली वाटी मी खाली ठेवली. मी ओरडले, "पुरे झालं खाणं! हात धुवा आणि जागेवर उभे राहा!" असं ओरडायची मला तीस वर्षांची सवय. त्या सवयीनं मला त्या दिवशी वाचवलं, पण तासाभरापुरतंच.

तालीम संपली, पोरं गेली. आरजू पडद्याची दोरी गुंडाळत मागं थांबली होती; यंदाही दोरी तिच्याकडेच होती. दोरी खुंटीला लावली आणि माझ्याजवळ आली.

"बाई, मागच्या वर्षी मी पण ताप आला म्हणून सांगितलं असतं तर?"

मी खिडक्या लावायला वळले.

"मी खरं सांगितलं म्हणून गेली का माझी भूमिका?"

आणि मी काय करावं? चूक माझी, आणि चिडलेही मीच. "लई शहाणी झालीस! मोठ्यांना प्रश्न विचारतेस? गुमान घरी जा!" असं म्हणाले मी तिला. पोरगी दप्तर उचलून गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकत होते. मला माझीच लाज वाटली. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

मंगळवारी सकाळपासून मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. शिवराजला काढलं तर नंबर गेला. दहा दिवसांत नवा कंडक्टर उभा करायचा म्हणजे खेळ नाही. शिवाय त्याचे वडील उदयसिंह येऊन तावातावानं बोलणार. नाही काढलं, तर नंबर कदाचित येईल. पण मग पुढच्या वर्षी नव्या आईबापांना समोर बसवून मी कोणत्या तोंडानं बोलायचं? आणि त्यात आरजू दोरी धरून ऐकत असणार. दुपारी चहा करता करता माझं ठरलं.

पाच वाजता सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाले, "शिवराजला ताप आला नव्हता. तो हुरड्याला गेला होता, आणि मला सांगून गेला होता. तापाचं मी खोटं बोलले. तो चांगलं काम करतो, त्याची भूमिका जाऊ नये म्हणून बोलले. चूक माझी आहे. त्याची नाही."

शिवराजचं तोंड एवढंसं झालं. "बाई, मी विचारलं व्हतं तुमाला."

"विचारलं होतंस बाळा. मी तेव्हाच हो म्हणायला पाहिजे होतं."

त्यानं खाली मान घालून बोटं मोजल्यासारखं केलं. मग म्हणाला, "तिसराच व्हता." त्याचे डोळे भरून आले होते, पण पोरगं भांडलं नाही. उठला आणि कंडक्टरची पिशवी गळ्यातनं काढून माझ्यासमोर ठेवली. मला भडभडून आलं. मी ती पिशवी उचलून आरजूपुढं धरली. ही भूमिका तिला देऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं, असं मी चहाच्या वेळी ठरवून ठेवलं होतं. फिट्टंफाट. ती किती आनंदेल, हेसुद्धा मी कल्पून ठेवलं होतं.

आरजूनं हात पुढं केलाच नाही.

"मला ह्याची नको बाई," ती म्हणाली. "मला माझी मागच्या वर्षीची पायजे व्हती."

"ती आता कुठनं आणू गं मी?"

"तेच म्हणते मी. कुठनंच येत न्हाय ती." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बाई, मागच्या वर्षी स्पर्धेला दादी आलती. वॉकर घेऊन. अब्बांनी व्हॅनमधनं आणून सोडलं व्हतं तिला. माझी भूमिका गेली ते मी घरात सांगितलंच न्हवतं. तिच्यामुळं गेली असं वाटलं असतं ना तिला. मी आपली दोरी धरून उभी, आणि दादी तिकडं पुढच्या रांगेत बसून वाट बघतीय माझी."

मी विचारलं, "मग? काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, ती म्हातारी मीच व्हते. मेकअप लई व्हता म्हणून वळखलं न्हाय तू. तिला दिसतं पण कमीच. तिला खरं वाटलं. म्हणाली, बेटा, काम अच्छा किया, पर आवाज क्यूँ बैठ गया तेरा? वरीस झालं, आल्यागेल्याला सांगते ती. आमच्या आरजूनं म्हातारी केलती, आवाज बसला व्हता तरी केलती."

मी तिच्यासमोर खाली बसले, अकरा वर्षांत पहिल्यांदाच पोरांच्या सतरंजीवर, आणि म्हणाले, "आरजू, माझं चुकलं. मागच्या वर्षी पण चुकलं आणि काल तुला ओरडले तेपण चुकलं."

मग तिनं शिवराजकडे बघितलं. तो डोळे पुसत होता. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "घे की. तुला पाठ हाय सगळं. माझं चुकलं की तूच सांगत व्हतीस न्हवं."

आरजूनं माझ्या हातातनं पिशवी घेतली. पट्टा तिला लांब होत होता, तो तिनं गाठ मारून आखूड केला आणि पिशवी गळ्यात अडकवली.

"दादीला पुढच्या रांगेत बसवा बाई," ती म्हणाली. "आवाज वळखू दे तिला माझा."