तीन रेघांची करवंटी

मी एक जुनी करवंटी आहे. हातात करवंटी आली म्हणजे माणूस भिकेला लागला, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे! मित्रांनो, सुकापूरच्या मैनाच्या घरात माझ्यावाचून वर्षाचा मसाला होत नसे.

माझा नारळ फोडला मैनाच्या आईने. खोबरे खवून झाल्यावर तिने मला काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केले आणि आत तापल्या खिळ्याने तीन रेघा ओढल्या. वरची धण्यांची, मधली खसखशीची, तळाची लवंग-मिऱ्यांची. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मैनाचे लग्न झाले आणि तिच्याबरोबर मीही सुकापूरला आले. मैनाला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची वही म्हणजे मीच.

चैत्रात अंगणभर मिरच्या वाळत. कुटायला शेजारच्या चार बाया येत, पण मापायला मैना एकटी बसे, तीही दार लोटून. म्हणून तर गावात कोणाकडे लग्नाची हळद असली की कालवणाचा मसाला मैनाकडून जाई. तेव्हा मला किती अभिमान वाटे म्हणून सांगू!

मग पनवेलच्या बाजारात तिखट कुटायचे विजेचे यंत्र आले. मुसळाने मैनाचा खांदा भरून येई, म्हणून ती मला आणि मिरच्यांना घेऊन तिथे गेली. दुकानदार काशिरामशेट गोड बोलला, "मावशी, एवढा खटाटोप कशाला? एकदा मापं सांगा, मी लिहून ठेवतो. दरवर्षी तयार मसाला घरपोच!" मैनाने एकेक माप सांगून टाकले. खोटे कशाला बोलू, पुढची दोन वर्षे तिला सुखाची गेली. दुपारची झोप मिळू लागली. मी मात्र अंगणात कोंबड्यांना पाणी पाजू लागले.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या गंगाबाईकडे हळद होती. मसाला मागायला कोणीच आले नाही. पंगतीत पहिल्याच घासाला मैनाचा हात थांबला. गंगाबाई हसून म्हणाली, "तुजाच मसाला हाय गो! शेटच्या दुकानात पुडीत भेटतो."

त्याच वैशाखात मैनाची लेक गोदू हिचे लग्न होते. आईच्या हातचा मसाला लेकीबरोबर सासरी जायचा, हा त्या घरचा रिवाज. आणि नेमकी त्या साली शेटकडून आलेल्या डब्याला चवच नव्हती. मैना तणतणत पनवेलला गेली आणि मान खाली घालून परत आली. ओट्यावर बसून रडू लागली.

"गोदे, मी बोलले, खसखस कमी हाय. तो बोलला, किती पायजे ती तुमीच सांगा. मला आठवंना गो! माजीच मापं, नि मलाच ठावं नाय!"

गोदू उठून अंगणात गेली. कोंबड्यांचे पाणी ओतून तिने मला राखेने खसखसून घासले. शेवाळाखालून माझ्या रेघा वर आल्या. "आये, हिच्यात बोट घाल." मैनाचे बोट तळाच्या रेघेवर टेकले. "लवंग-मिरी," ती पुटपुटली. मग मधली रेघ, मग वरची. बोट पुढे सरकत गेले आणि तिला सारे आठवत गेले. मित्रांनो, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

यंत्रावर ती पुन्हा गेली, पण नुसत्या मिरच्या घेऊन. बाकीचे जिन्नस तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणले, दार लोटून मापले, भाजले आणि घरीच कुटले. शेटने विचारले, "बाकीचा मसाला, मावशी?" मैना म्हणाली, "तो माजा मी बगीन."

पाठवणीच्या वेळी तिने मला गोदूच्या हातात ठेवले. गंगाबाईने कपाळाला हात लावला. "सासरी जानाऱ्या पोरीला करवंटी देतंस?"

"देते. मसाला सरंल, तवा ती काय शेटला इचारंल?"

"नि तुला, आये?" गोदूने विचारले.

"मला आता सगलं पाठ हाय."

आता मी शिरढोणला गोदूच्या सासरी फळीवर सुखाने असते. मित्रांनो, सोय जरूर घ्या. खांदा दुखत असेल तर यंत्र हवेच. पण आपले माप आपल्या घरीही असू द्या. आणि माझ्यासारखी एखादी जुनी करवंटी सापडली, तर तिच्यात कोंबड्यांचे पाणी ओतण्याआधी एकदा आतून बोट फिरवून पाहा.