हललेल्या मुलीचा चेहरा

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, माझा आवाज काही फार मोठा नाही. एक गोष्ट सांगतो. ऐकताना माझं मन जरा काळं वाटलं तर रागावू नका. देवापुढे आणि मुलांपुढे मन लपवून काय उपयोग?

मी एक जुना कुंचला आहे. खारीच्या शेपटीचे थोडे केस आणि पेन्सिलीएवढा दांडा, एवढाच माझा पसारा. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, काचेच्या पेल्यात माझा मुक्काम असायचा. पुढच्या खोलीत राहायचा तो. कॅमेरा! अजून त्याचं नाव काढलं की माझ्या केसांना पीळ पडतो.

काय त्याचा थाट! तीन पायांवर ऐटीत उभा, डोक्यावरून काळं कापड. गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभं राहताना केस विंचरायचं, श्वास रोखायचं. फोटोवाले रोज सकाळी त्याची काच पुसायचे, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी. माझं कौतुक एवढंच, की त्यांची बायको मला ओठांत धरून माझं टोक काढायची. धुळीचे ठिपके, गालावरचे डाग, मिटलेले डोळे, सगळं आम्ही दोघं निस्तरायचो. आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वा! काय कॅमेरा आहे!" मी पेल्यात उभ्या उभ्या जळायचो.

फोटोवाल्यांच्या बायकोलाही एकदा कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून फोटो काढावासा वाटला होता. "त्या कापडाखाली बाईमाणूस? लोक हसतील," फोटोवाले म्हणाले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "अगं, बारीक काम तुझ्याच हाताला शोभतं." मित्रांनो, कडू घास थुंकता तरी येतो. हा गोड होता. तिनं तो गिळला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

एके दिवशी लोखंडाचे एक व्यापारी सहकुटुंब फोटो काढायला आले. खुर्चीत ते स्वतः, मांडीवर तान्हा मुलगा, मागे बायको, आणि अगदी कडेला मोठी मुलगी. काही दिवसांनी तयार फोटो बघायला सगळे पुन्हा आले, तेव्हा व्यापाऱ्यांचा आवाज मागच्या खोलीपर्यंत आला.

"पोरगा काय झकास आलाय हो! पण ही कडेची बघा. सगळं तोंड फिसकटलंय. हलली कार्टी!"

"पुन्हा काढू या की," फोटोवाले म्हणाले.

"छे! बाळ पुन्हा असं हसेल कशाला? हिलाच पुसून टाका. तिथं मागचा पडदा रंगवा."

"होईल. बसा थोडं, रंगाला घरचंच माणूस आहे."

फोटो आत आला आणि काय सांगू, माझा आनंद पेल्यात मावेना! कॅमेऱ्यानं टिपलेलं माणूस आता मी नाहीसं करणार होतो. ती मुलगी? तिचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मत्सर असाच असतो, मित्रांनो. ज्याच्यावर जळायचं त्याचं काही बिघडत नाही, भरडलं जातं कडेचं माणूस.

फोटोवाल्यांच्या बायकोनं मला पडद्याच्या करड्या रंगात बुडवलं. इतक्यात तिची लेक आत आली. घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिनं व्यापाऱ्यांच्या त्या मुलीला हाताला धरून आणलं होतं.

"आई, हिला नको ना पुसू!"

"मी कोण गं ठरवणार? सांगितलंय तेवढं करायचं."

"तू नाही ठरवायचं, मी नाही ठरवायचं, मग आपण करायचं तरी काय?"

"जीभ बघा केवढी झालीये!" आई म्हणाली, पण तिचा हात थांबला होता. तिनं त्या मुलीकडे पाहिलं. "का गं बाई, हललीस का तू?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "बाबांनीच सांगितलं होतं, खुळखुळा वाजव म्हणून. म्हणून तर बाळ हसलं."

आईनं फोटो उजेडाला धरला. मुलीच्या हाताशी खुळखुळ्याची एक पुसट रेघ होती.

आईनं मला पाण्यात बुचकळलं. करडा रंग खळखळून धुतला आणि मला ओठांत धरून असं टोक काढलं, की तसं कधी काढलं नव्हतं. "बस इथे समोर. आता काही वाजवू नकोस, कुणाला हसवू नकोस. आज नुसतं बसायचं."

मुलगी बसली. आम्ही तिचे डोळे काढले, भुवई काढली, ओठांचा कोपरा काढला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे त्या तीन पायांवरच्याला जमलंच नव्हतं. त्यानं हरवलेलं माणूस आम्ही परत आणत होतो.

फोटो बाहेर गेला. "हे काय? पुसा म्हटलं होतं ना?" व्यापारी कडाडले. फोटोवाले आपल्या बायकोकडे बघत राहिले. ती दारातच उभी होती. हात रंगानं भरलेले, पण नजर खाली नव्हती.

तेवढ्यात, आतापर्यंत चकार शब्द न काढलेली व्यापाऱ्यांची बायको पुढे आली. तिनं फोटोवर बोट ठेवलं. "राहू दे. माझी आहे ती."

व्यापारी नुसतं "हं" म्हणाले आणि दाराकडे वळले. फोटोवाल्यांनी फोटोच्या मागे दुकानाचा शिक्का मारला.

"बाबा, आईचं नाव कुठाय?" भिंगरीनं विचारलं.

"फोटोमागे दुकानाचंच नाव असतं गं," ते म्हणाले. पण बोलता बोलता ते शिक्का उलटा करून त्यावरची अक्षरं पुन्हा वाचू लागले.

आता माझे बरेचसे केस गळाले. एका डब्यात पडून असतो. कॅमेऱ्याला मात्र काचेचं कपाट मिळालं. होय, अजून जळतो थोडासा!

एवढंच करा, मित्रांनो. घरातला जुना फोटो कधी हातात आला, तर त्याची धूळ हलक्या हातानं पुसा. मग मधल्या खुर्चीवरची नजर काढून कडेला न्या. तिथं कुणी पुसट उभी असेल, तर हलली म्हणून तिला हसू नका. तिच्या हातात काय दिलं होतं ते बघा, आणि तिची आठवण ठेवा.